व्हीएमवेअर टूल्स जुनी झाली आहेत: रीबूट कधी लागतो, क्रम कोणता, लिनक्सचं काय करायचं?

रात्रपाळी_ॲडमिन

नमस्कार मंडळी.

व्हीस्फिअर ८ (व्हीएमवेअरची व्हर्च्युअलायझेशन प्रणाली), सहा होस्टचं (प्रत्यक्ष सर्व्हरचं) एक क्लस्टर, त्यावर १४० व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). त्यातल्या ९० विंडोज: २०१६, २०१९, २०२२ आणि दोन २००८ आर२, ज्या एका जुन्या ॲप्लिकेशनपायी अजून चालू ठेवाव्या लागतात. बाकी लिनक्स: आरएचईएल (रेड हॅट) ८ व ९ आणि उबुंटू २२.०४. दोन डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कचं लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) आहेत. एसक्यूएलचं दोन नोडचं फेलओव्हर क्लस्टर आहे (एक नोड पडला की दुसरा काम उचलतो), त्याच्या शेअर्ड डिस्क फिजिकल बस शेअरिंगवर आहेत, म्हणजे वेगवेगळ्या होस्टवरच्या दोन्ही व्हीएम त्याच डिस्क वापरतात.

सुरक्षा तपासणीत बऱ्याच विंडोज व्हीएमवर व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत बसणारं व्हीएमवेअरचं सहायक सॉफ्टवेअर) ११.३.५ आणि १२.१.० सापडली. महिन्यातून एकदा शनिवारी रात्री ४ तासांची पॅच विंडो मिळते, त्यातच विंडोजचे मासिक पॅचही चढवायचे असतात. अडतंय ते इथे:

तपासणीत ज्या व्हीएम जुन्या म्हणून आल्या, त्यांतल्या काहींवर व्हीसेंटर (सगळे होस्ट आणि व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) 'करंट' दाखवतं. खरं कोणाचं धरायचं?

टूल्स चढवल्यावर प्रत्येक वेळी रीबूट लागतोच का? तो मासिक पॅचच्या रीबूटमध्ये मिळवता येईल का?

लिनक्स व्हीएमवर 'गेस्ट मॅनेज्ड' असं येतं. तिथे व्हीसेंटरमधून काही करायचं असतं का?

व्हीएमच्या व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती अजून १४ आणि १७ वर आहे. ते आधी वाढवायचं की टूल्स आधी?

रॅकयुनिट

पहिल्या प्रश्नापासून धरतो, कारण बाकीचं काम त्यावर उभं आहे.

'करंट'चा अर्थ 'जगातली सर्वांत नवी आवृत्ती' असा नाही. ती व्हीएम ज्या होस्टवर चालू आहे, त्या होस्टवरच्या टूल्सच्या आयएसओशी (इन्स्टॉलरच्या डिस्क-फाइलशी) तुलना करून व्हीसेंटर ते सांगतं. होस्टवर १२.१.० पडून असेल तर १२.१.० असलेली व्हीएम 'करंट'च दिसणार. दोन होस्टवर वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) झाल्यावर तीच व्हीएम 'अपग्रेड उपलब्ध' दाखवू लागेल. तपासणीवाले सीव्हीईच्या (ज्ञात सुरक्षा चुकांच्या) यादीशी ताडून बघतात, म्हणून इथे त्यांचं धरा.

आता नेमकी आवृत्ती काढा. पॉवरसीएलआयमध्ये (व्हीएमवेअरच्या कमांडलाइन साधनात) गेट-व्हीएम चालवून प्रत्येक व्हीएमच्या एक्स्टेन्शनडेटा.गेस्टमधली टूल्सव्हर्जन, टूल्सव्हर्जनस्टेटस२ आणि टूल्सरनिंगस्टेटस ही तीन फील्ड सीएसव्हीत उतरवा. टूल्सव्हर्जनमध्ये ११३६५ असा पाच आकडी नंबर येतो. तो उलगडायची रीत सोपी आहे: १०२४ने भागा, भागाकार ११ आणि बाकी १०१. बाकीला ३२ने भागा, भागाकार ३ आणि बाकी ५. म्हणजे ११.३.५. याच हिशेबाने १२.१.०चा १२३२० आणि १२.५.४चा १२४५२.

कुठवर जायचं? विंडोजवर दोन गोष्टी बघा. सीव्हीई-२०२५-२२२३० मध्ये व्हीएमच्या आतला साधा यूजर त्याच व्हीएममध्ये वरच्या अधिकाराची कामं करू शकत होता, ते १२.५.१मध्ये दुरुस्त झालं. सीव्हीई-२०२५-४१२४४ हीसुद्धा अधिकार वाढवून घेण्याचीच चूक. ती १२ मालिकेत १२.५.४ला आणि १३ मालिकेत १३.०.५ला दुरुस्त झाली. म्हणजे किमान १२.५.४ किंवा १३.०.५. सीएसव्हीत गाळणी लावताना फक्त '१२४५२पेक्षा कमी' एवढंच धरू नका. १३३१२ ते १३३१६ हे आकडे मोठे दिसतात, पण ते १३.०.० ते १३.०.४ आहेत आणि त्यांत ही दुरुस्ती नाही.

सहाही होस्टवर एकच आयएसओ हवा, नाहीतर हा गोंधळ दर महिन्याला होणार. टूल्सचा ऑफलाइन बंडल उघडून शेअर्ड डेटास्टोअरवर (सगळ्या होस्टना दिसणाऱ्या साठवणीवर) एका फोल्डरमध्ये ठेवा (आत व्हीएमटूल्स आणि फ्लॉपीज ही दोन्ही उपफोल्डर हवीत) आणि प्रत्येक होस्टचं यूजरव्हार्स.प्रॉडक्टलॉकरलोकेशन तिकडे वळवा. ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून बदललं तर होस्ट रीबूट केल्यावर लागू होतं; ६.७ अपडेट १पासून एपीआयने रीबूटशिवायही बदलता येतं. पुढच्या वेळी फक्त त्या फोल्डरमधल्या फाइली बदलायच्या.

आता रीबूट. टूल्स म्हणजे एक सर्व्हिस आणि ड्रायव्हरांचा संच. सर्व्हिस, व्हीएसएस प्रोव्हायडर (विंडोजच्या बॅकअपला लागणारा भाग), कमांडलाइनची साधनं हे सगळं रीबूटशिवाय बदलतं. रीबूट मागतात ते वापरात असलेले ड्रायव्हर: बूट डिस्क पीव्हीएससीएसआय (व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल डिस्क) कंट्रोलरवर असेल तर पीव्हीएससीएसआय, शिवाय व्हीएमसीआय (व्हीएम आणि होस्टमधल्या संवादाचा) आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर. दोन आवृत्त्यांमध्ये ड्रायव्हर बदललेलेच नसतील तर रीबूट मागितला जात नाही. ११.३.५वरून १२.५.४ ही उडी मोठी आहे, तिथे रीबूट लागणार असं धरूनच चाला. सोबत येणाऱ्या व्हिज्युअल सी++ रनटाइममुळेही तो लागू शकतो.

पॅचसोबत एकच रीबूट हवा असेल तर क्रम असा:

१. व्हीएमवर आधीचा रीबूट अडकलेला नाही ना ते पाहा. अडकलेला असेल तर आधी तो उरका, कारण त्या अवस्थेत रनटाइमचं इन्स्टॉलेशन मधेच पडू शकतं.

२. सायलेंट पद्धतीने टूल्स चढवा. सेटअपला स्लॅश एस, मग स्लॅश व्ही आणि त्याला लागून दुहेरी अवतरणात 'स्लॅश क्यूएन रीबूट=आर'. यातला 'रीबूट=आर' विसरलात तर गरज पडताच सेटअप स्वतःच मशीन रीबूट करतो. व्हीसेंटरमधून ऑटोमॅटिक अपग्रेड करत असाल तर हाच मजकूर ॲडव्हान्स्ड ऑप्शनच्या चौकटीत टाका.

३. परत आलेला कोड बघा. ० म्हणजे झालं, ३०१० म्हणजे झालं पण रीबूट बाकी, १६०३ म्हणजे फसलं. फसलं तर टेम्प फोल्डरमधल्या व्हीएमआयएनएसटी आणि व्हीएमएमएसआय या लॉग फाइली उघडा. व्हीसेंटरमधून चढवलं असेल तर त्या विंडोज फोल्डरमधल्या टेम्पमध्ये सापडतील, कारण तेव्हा सेटअप सिस्टिम खात्याखाली चालतो. लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. खरं कारण त्याच्या वरच्या ओळींत असतं.

४. मग मासिक पॅच, आणि शेवटी एक रीबूट.

पॉवरसीएलआयच्या अपडेट-टूल्सला नोरीबूट हा स्विच आहे, पण तो फक्त विंडोजसाठी. शिवाय आधीची आणि नवी आवृत्ती कोणती यावर अवलंबून तो असूनही रीबूट होऊ शकतो, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. दिवसाढवळ्या त्याच्या भरवशावर राहू नका.

चार तासांत ९० विंडोज एकदम उरकायच्या मागे लागू नका. आठवडाभर आधी प्रत्येक ओएसची एक अशा चार-पाच कमी महत्त्वाच्या व्हीएम घ्या, त्यावर फक्त टूल्स चढवा, पॅच नाही. म्हणजे काही बिघडलं तर दोष कोणाचा ते कळेल. आवृत्ती बाहेर आली त्याच दिवशी तर चढवूच नका. २०१८मध्ये १०.३.० मागे घ्यावी लागली होती: तिच्यातल्या व्हीएमएक्सनेट३ (व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाच्या) ड्रायव्हरमुळे ईएसएक्सआय (होस्टवर चालणारी प्रणाली) ६.५वर होस्टला जांभळा स्क्रीन यायचा, म्हणजे होस्टच कोसळायचा, किंवा व्हीएमचं नेटवर्क तुटायचं. तिच्या जागी १०.३.२ आली.

पेंग्विन_पॅकेज

लिनक्सबद्दल. 'गेस्ट मॅनेज्ड' ही चूक नाही, तीच बरोबर अवस्था आहे. तिथे ओपन-व्हीएम-टूल्स हे डिस्ट्रोचं पॅकेज आहे आणि ते डीएनएफ किंवा एपीटी या डिस्ट्रोच्या पॅकेज कमांडनेच अद्ययावत करायचं. व्हीसेंटरमधून त्याला हात लावू नका.

विंडोजपेक्षा इथे एक मोठा फरक आहे, तो नीट समजून घ्या. व्हीएमएक्सनेट३ आणि पीव्हीएससीएसआयचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहेत, या पॅकेजमध्ये नाहीत. म्हणून पॅकेज बदलल्यावर मशीन रीबूट करायची गरज नाही, सर्व्हिस पुन्हा सुरू केली की पुरे. आरएचईएलवर व्हीएमटूल्सडी आणि व्हीजीऑथडी या दोन, उबुंटूवर ओपन-व्हीएम-टूल्स आणि व्हीजीऑथ. दुसरी सर्व्हिस बहुतेक जण विसरतात. ती गेस्टमधल्या कामांसाठीची ओळख तपासते. २०२३ची एसएएमएल टोकनची (ओळख पटवणाऱ्या डिजिटल पासची) चूक, सीव्हीई-२०२३-३४०५८, याच भागाशी संबंधित होती. पॅकेज नवं आणि मेमरीत जुनी प्रोसेस चालू, असं राहू नये म्हणून आरएचईएलवर नीड्स-रीस्टार्टिंग -एस चालवून बघा. उबुंटू २२.०४ सर्व्हरवर नीडरीस्टार्ट आधीपासून असतं, एपीटी झाल्यावर तेच विचारतं.

तपासणीच्या अहवालात लिनक्सही लाल दिसत असेल तर आधी चेंजलॉग बघा. आरएचईएल आणि उबुंटू सुरक्षा दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत मागे नेऊन बसवतात, त्यामुळे मुख्य आकडा तोच राहतो आणि शेवटचा रिलीज क्रमांक तेवढा बदलतो. फक्त मुख्य आकडा वाचणारा स्कॅनर तिथे खोटी ओरड करतो. आरपीएम -क्यू --चेंजलॉग ओपन-व्हीएम-टूल्स असं चालवा आणि आउटपुटमध्ये सीव्हीईचा क्रमांक शोधा. उबुंटूवर एपीटी चेंजलॉग. ती ओळ अहवालाला जोडली की मुद्दा मिटतो.

जुन्या व्हीएमवर पर्लवाल्या टार पद्धतीची (पॅकेजऐवजी व्हीएमवेअरच्या स्क्रिप्टने बसवलेली) टूल्स राहिली आहेत का, तेही बघा. यूएसआर-बिनमध्ये व्हीएमवेअर-अनइन्स्टॉल-टूल्स.पीएल ही फाइल सापडली तर आहेत. ती चालवून जुनं काढा, मग पॅकेज घाला, मग इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) पुन्हा बांधा (ड्रॅकट -एफ किंवा अपडेट-इनिटरॅमएफएस -यू). हे काम एसएसएचवरून करू नका, व्हीसेंटरच्या कन्सोलवर बसून करा, कारण मधे नेटवर्क जाऊ शकतं. शेवटी मोडइन्फो व्हीएमएक्सनेट३ चालवून 'फाइलनेम'ची ओळ वाचा. त्यात कर्नल/ड्रायव्हर्स/नेट असा मार्ग दिसला पाहिजे. 'मिस्क' फोल्डर दिसलं तर टार पद्धतीचा जुना मॉड्यूलच अजून चालू आहे.

क्वोरम

डोमेन कंट्रोलर आणि एसक्यूएल क्लस्टर बाकीच्या व्हीएमच्या यादीत घालू नका. त्यांचा वेगळा गट करा आणि हाताने चढवा.

व्हीएमएक्सनेट३चा ड्रायव्हर बदलताना नेटवर्क काही सेकंद तुटतं. साध्या ॲप सर्व्हरला ते जाणवत नाही. फेलओव्हर क्लस्टरला जाणवतं. विंडोज २०१६पासून एकाच सबनेटमध्ये दर सेकंदाला एक हार्टबीट ('मी चालू आहे' असा संदेश) जातो आणि लागोपाठ १० चुकले की नोड बाहेर काढला जातो. सक्रिय नोडवर टूल्स चढवताना नेटवर्क जरा जास्त वेळ गेलं, तर एसक्यूएल स्वतःहून पलीकडच्या नोडवर उडी मारेल, तीही तुम्ही तयारीत नसताना. म्हणून आधी सगळे रोल (नोडवर चालणाऱ्या सेवा) दुसऱ्या नोडवर न्या, रिकाम्या नोडला पॉझ करा, टूल्स, पॅच, रीबूट, क्लस्टरमध्ये परत आला का ते बघा, मग रोल इकडे आणून दुसरा नोड घ्या. फिजिकल बस शेअरिंग असल्याने तुम्हाला या व्हीएमचा स्नॅपशॉट (परत जाण्यासाठी जपलेली त्या क्षणाची स्थिती) घेता येणार नाही. न बदललेला दुसरा नोड हाच परतीचा रस्ता, त्यामुळे दोन्ही नोड एकाच रात्री करायचे की नाही ते विचार करून ठरवा. मी तर दुसरा नोड पुढच्या विंडोला ठेवायला सांगेन.

डोमेन कंट्रोलरचा धोका वेगळा आहे: घड्याळ. टूल्समधलं ठरावीक अंतराने होणारं टाइम सिंक बंद असलं तरी काही प्रसंगी ते एकदा होतंच. सर्व्हिस सुरू होताना, स्नॅपशॉटवर परत जाताना, व्हीमोशननंतर. टूल्स बदलली की सर्व्हिस पुन्हा सुरू होते, म्हणजे हा प्रसंग नक्की येणार. होस्टचं घड्याळ चुकलेलं असेल तर पीडीसी एम्युलेटर (डोमेनला वेळ पुरवणारा डोमेन कंट्रोलर) ती चुकीची वेळ उचलेल आणि ती अख्ख्या डोमेनमध्ये पसरेल. केर्बेरोसला (डोमेनच्या लॉगिन पद्धतीला) मुळात ५ मिनिटांचीच सूट आहे. म्हणून टूल्सला हात लावण्याआधी सहाही होस्टवर एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे आणि वेळ जुळते आहे हे स्वतः बघा. डोमेन कंट्रोलरच्या व्हीएम ऑप्शन्समध्ये 'स्टार्टअप आणि रिझ्यूमला वेळ जुळवा' ही खूणही काढून ठेवा. काम झाल्यावर डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस चालवा आणि 'सोर्स' कोणता येतो ते वाचा. एका रात्री एकच डोमेन कंट्रोलर.

हार्डवेअर आवृत्तीचा क्रम पक्का आहे: आधी टूल्स, मग हार्डवेअर. आधी हार्डवेअर वाढवलं आणि आतला ड्रायव्हर जुना राहिला, तर विंडोजला नेटवर्क कार्ड नवं वाटू शकतं. मग स्थिर आयपी जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डावर अडकतो आणि नव्या कार्डाला डीएचसीपीचा पत्ता मिळतो. म्हणून आयपीकॉन्फिग /ऑलचं आउटपुट आधी बाहेर कुठेतरी जपून ठेवा. दुसरं, हार्डवेअर आवृत्ती खाली आणता येत नाही. आधीच्या स्नॅपशॉटवर किंवा बॅकअपवर जावं लागतं. व्हीस्फिअर ८.०ची आवृत्ती २०, अपडेट २ची २१. पण एखादी खास सोय हवी नसेल तर १४ किंवा १७ वर राहण्यात काही बिघडत नाही. टूल्सच्या कामात ते मिसळू नका.

स्नॅपशॉट घेतलेत तर ७२ तासांच्या आत काढा. ९० व्हीएमचे स्नॅपशॉट रविवारी विसरले गेले तर गुरुवारपर्यंत डेटास्टोअर भरत आणतात.

आणि बॅकअप. रीबूटनंतर व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स चालवून सगळे 'स्टेबल' आहेत का बघा, आणि निदान एका एसक्यूएल व्हीएमचा क्वाएस्ड (डेटा क्षणभर स्थिर करून घेतलेला) बॅकअप त्याच रात्री करून पाहा. प्रोग्रामडेटामधल्या टूल्स.कॉन्फमध्ये कोणी व्हीएमबॅकअप खाली काही ओळी घातल्या असतील तर त्या जागेवर आहेत ना, तेही बघा.

रात्रपाळी_ॲडमिन

फार नेमकं सांगितलंत, आभार. सीएसव्ही काढली. ३१ व्हीएमवर ११.३.५, ५२वर १२.१.०, बाकी मिश्र. आणखी तीन गोष्टी विचारतो. एक, 'प्रत्येक पॉवर ऑनच्या आधी टूल्स तपासा आणि वाढवा' हा पर्याय सगळ्यांवर लावून टाकला तर? दोन, त्या दोन २००८ आर२चं काय? तीन, पुढच्या वर्षी २० व्हीएम प्रॉक्समॉक्सवर (लिनक्सच्या केव्हीएमवर चालणारी दुसरी व्हर्च्युअलायझेशन प्रणाली) हलवायच्या आहेत, त्यावर आत्ता टूल्स वाढवण्यात अर्थ आहे का?

रॅकयुनिट

पॉवर ऑनचा पर्याय सरसकट लावू नका. रोजच्या रीबूटला तो सोयीचा वाटतो. पण एखादा होस्ट पडला की एचए (हाय अव्हेलेबिलिटी ही सोय) त्यावरच्या वीस-पंचवीस व्हीएम दुसरीकडे एकदम उठवतो, आणि त्या प्रत्येकीला त्याच क्षणी टूल्स चढवायची असतात. सेवा लवकरात लवकर परत हवी असते तेव्हाच सुरू होण्याचा वेळ वाढतो आणि न तपासलेले ड्रायव्हर बसतात. टेस्ट आणि डेव्हलपमेंटच्या व्हीएमवर लावा, बाकी ठिकाणी 'मॅन्युअल' ठेवा.

२००८ आर२ला एसपी१ (सर्व्हिस पॅक १) आणि एसएचए-२ सह्या ओळखणारा पॅच, केबी४४७४४१९, हे दोन्ही असल्याशिवाय नवी टूल्स चढवायला जाऊ नका. तो नसेल तर विंडोज नव्या ड्रायव्हरची सही मानत नाही. बूट डिस्क पीव्हीएससीएसआयवर असेल तर ही चूक महागात पडते. आधी पॅच, रीबूट, मग टूल्स, आणि या दोघींचा स्नॅपशॉट न चुकता. कुठे २०१२ आर२ निघाली तर तिथे केबी२९१९३५५ लागतो, नाहीतर व्हिज्युअल सी++चा रनटाइम बसत नाही.

आणखी एक, हे हमखास अडवतं. टूल्सचा आयएसओ जोडून कोणी काम अर्धवट सोडलं असेल तर ती व्हीएम व्हीमोशनला नकार देते, 'टूल्सचं इन्स्टॉलेशन चालू आहे' म्हणून. मग होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये जातच नाही. व्हीएमच्या मेनूतून टूल्सचा इन्स्टॉलर अनमाउंट करा, लगेच सुटते. विंडो संपायच्या आधी १४० व्हीएमवर सीडी ड्राइव्हला काय जोडलंय त्याची यादी काढायची सवय ठेवा.

केव्हीएम_कट्टा

प्रॉक्समॉक्सच्या वीस व्हीएमबद्दल. हलवायला वर्ष आहे, म्हणजे वर्षभर त्या सुरक्षा चुका उघड्या राहतील. त्यामुळे टूल्स आत्ता वाढवाच.

हलवताना मात्र व्हीएमवेअर टूल्स आधी, व्हीएमवेअरवर असतानाच काढा. केव्हीएमवर गेल्यावर त्यांचा अनइन्स्टॉलर 'हे व्हीएमवेअरचं मशीन नाही' म्हणून अडून बसतो. मग सर्व्हिस आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी हाताने उपसाव्या लागतात.

विंडोजवर व्हर्टआयओचे (केव्हीएमच्या व्हर्च्युअल डिस्क आणि नेटवर्कचे) ड्रायव्हर हलवण्याआधीच घालून ठेवा. तिकडे पहिल्यांदा बूट डिस्क साटावर ठेवून सुरू करा आणि सोबत १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ एससीएसआयवर जोडा. ती डिस्क दिसली म्हणजे ड्रायव्हर खरोखर लागला. मग मशीन बंद करा, बूट डिस्क व्हर्टआयओ एससीएसआयवर न्या, बूट ऑर्डरमध्ये ती निवडा आणि रिकामी डिस्क काढून टाका. ही पायरी गाळली की निळ्या पडद्यावर ०x७बी येतो, म्हणजे बूट डिस्कच सापडत नाही.

तिकडे टूल्सचं काम दोघांत वाटलेलं आहे: ड्रायव्हर व्हर्टआयओ-विनचे, आणि शटडाउन, आयपी दाखवणं, बॅकअपच्या वेळी फाइलसिस्टिम गोठवणं हे सगळं क्यूईएमयू गेस्ट एजंटकडे. लिनक्सवर एजंटचं पॅकेज वेगळं घालावं लागतं. प्रॉक्समॉक्सच्या ऑप्शन्समध्ये एजंट चालू केल्यावर आतून रीबूट करून भागत नाही, कारण एजंटचा सीरियल पोर्ट व्हीएम नव्याने सुरू होतानाच जोडला जातो. पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, मग होस्टवर क्यूएम एजंट, व्हीएमचा क्रमांक आणि पिंग अशी कमांड द्या. काहीही न छापता ती परतली तर एजंट बोलतोय.